टाकीला आलेला झोळ

आमच्या 22 फुटी कॅम्पिंग ट्रेलरची पिण्याच्या पाण्याची टाकी 42 गॅलनची, म्हणजे साधारण 159 लिटरची आहे. काठोकाठ भरली की त्या पाण्याचेच वजन 350 पौंड होते. डेन्व्हरजवळच्या आमच्या घरातून निघताना मी ती सहसा पाव भरतो, कारण रॉकी पर्वताचे घाट चढताना एवढे वजन विनाकारण ओढण्यात अर्थ नसतो, आणि बहुतेक कॅम्पग्राउंडवर नळ असतोच. परंतु गेल्या ऑक्टोबरात आम्ही न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनला निघालो होतो. तिथे मुक्कामाच्या जागी पिण्याचे पाणी नाही, ते माहिती केंद्राजवळच्या नळावरून आणावे लागते. म्हणून ब्लूमफील्ड गावात थांबून मी टाकी पूर्ण भरून घेतली. चार वर्षांत ती पूर्ण भरून लांबचा प्रवास करण्याची ही दुसरी किंवा तिसरी वेळ असेल.

550 क्रमांकाचा महामार्ग सोडला की चाकोपर्यंत 21 मैलांचा रस्ता आहे. त्यातले 8 मैल डांबरी आणि उरलेले 13 मैल कच्चे आहेत. हा कच्चा रस्ता खड्ड्यांचा असता तर खड्डे चुकवता आले असते, पण तो पन्हळी पत्र्यासारखा आहे. आडव्या, सारख्या अंतरावरच्या लाटा माती घट्ट होऊन उमटलेल्या असतात आणि त्यांवरून गाडी कितीही सावकाश हाकली तरी ती थरथरतच राहते. आम्ही ताशी दहा-बारा मैलांच्या वर गेलो नाही. पोहोचायला सव्वा तास लागला आणि त्या सव्वा तासात मागच्या ट्रेलरला किती हजार हिसके बसले असतील, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

गॅलो कॅम्पग्राउंडवर ट्रेलर उभा करून चाकांना ठोकळे लावत असताना पत्नी म्हणाली, "अरे, हे पोट असं खाली का दिसतंय?" ट्रेलरच्या तळाला काळ्या पन्हळी प्लॅस्टिकचे पातळ आच्छादन असते. ते एरवी सपाट असते, पण आता मधोमध गाभण म्हशीच्या पोटासारखे खाली आले होते. मी पाठीवर झोपून आत सरकलो, टेप लावली आणि पाहिले, तर कडेच्या मानाने मध्यभाग साडेतीन इंच खाली होता. हाताने दाबल्यावर आत पाणी हलल्याचे स्पष्ट जाणवले. फुगवटा आच्छादनाचा नव्हता. टाकीच आधार सोडून आच्छादनावर येऊन बसली होती, आणि साडेतीनशे पौंडांना त्या क्षणी पुठ्ठ्यासारख्या जाडीच्या प्लॅस्टिकने आणि ते धरून ठेवणाऱ्या काही स्क्रूंनी तोलून धरले होते.

अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडून देणे, आणि ते स्वच्छ पाणी असल्यामुळे कुणाची हरकतही नसती. मला ते जमले नाही. माझे आजोळ आटपाडी तालुक्यातले आहे. उन्हाळ्यात टँकर येण्याच्या वेळी घागरी रांगेत लावून ठेवण्याचे काम लहानपणी आम्हा नातवंडांकडे असायचे. वाळवंटात दीडशे लिटर पिण्याचे पाणी जमिनीवर ओतायला हात धजत नाही. आमच्याजवळ सात गॅलनचे दोन कॅन होते, ते पंपाने भरले. मग शेजारच्या तंबूंत आणि गाड्यांत विचारले, तेव्हा लोकांनी आनंदाने आपापले कॅन, बाटल्या आणि एका कुटुंबाने तर मोठी पातेलीही आणून दिली. अर्ध्या तासात टाकी रिकामी झाली आणि त्या संध्याकाळी आजूबाजूच्या पाच-सहा बिऱ्हाडांना माहिती केंद्रापर्यंत जावे लागले नाही. रिकाम्या टाकीखाली ट्रेलर समतल करण्यासाठी ठेवलेली दोन इंच जाडीची फळी लावली आणि दोन रॅचेट पट्टे फ्रेमवरून घेऊन ती वर आवळली. दोन दिवसांनी परतीचे 13 मैल त्या आधारावर नीट पार पडले.

घरी आल्यावर प्रथम विक्रेत्याकडे फोन केला. हमीचा काळ संपलेला होता, दुरुस्तीसाठी मिळणारी तारीख सहा आठवड्यांनंतरची होती आणि त्यांचा उपाय असा होता की निघालेल्या स्क्रूंच्या जागी जाड स्क्रू घालून तेच आधार पुन्हा बसवायचे. मला त्यावर भरवसा वाटला नाही, पण का वाटत नाही हे नेमके सांगताही येत नव्हते. आच्छादन उतरवल्यावर ते समजले.

आच्छादन काढण्याआधी ट्रेलर पुरेसा उंच आणि पक्का उभा करणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे आणि त्यात घाई करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना जे फिरवायचे पाय असतात ते केवळ डुलणे थांबवण्यासाठी असतात, वजन उचलण्यासाठी नसतात. मी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, जॅक फ्रेमच्या मुख्य तुळईखाली लावून एकेक बाजू उचलली, आणि चार भक्कम स्टँडवर फ्रेम टेकवल्यानंतर ट्रेलरला खांद्याने जोरात ढकलून तो हलत नाही याची खात्री करून मगच खाली शिरलो. अॅक्सलखाली जॅक लावण्याचा मोह होतो, कारण तो हाताशी असतो, पण अॅक्सलची नळी मधोमध उचलल्याने वाकू शकते आणि मग चाकांची रेषा बिघडते.

आच्छादन खाली आल्यावर चित्र उघडे पडले. ट्रेलरच्या लांबीने जाणाऱ्या दोन लोखंडी तुळया आहेत, प्रत्येकी 8 इंच उंच, इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या. त्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर 6 फूट आहे. टाकी त्यांच्यामध्ये आडवी बसते. ती 48 इंच लांब, 28 इंच रुंद आणि साडेसात इंच उंच आहे. तिच्याखाली फक्त दोन अँगल होते, दीड इंची, एक अष्टमांश इंच जाडीचे, आणि प्रत्येक अँगलचे प्रत्येक टोक तुळईच्या खालच्या पट्टीला दोन स्क्रूंनी खालून वर असे ठोकलेले होते. आठ स्क्रूंपैकी तीन गायब होते. उरलेल्यांपैकी एक मी बोटांनी फिरवून काढला. त्याच्या आट्यांत लोखंडाची चकचकीत भुकटी अडकलेली होती, कारण थरथरीने त्याने आपलेच भोक मोठे करून घेतले होते. मागचा अँगल एका टोकाला पूर्ण सुटला होता आणि पुढचा धनुष्यासारखा कायमचा वाकला होता.

त्या रात्री साडेआठला मी सांगलीला आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळचे आठ वाजलेले होते. आण्णांनी कुपवाड एमआयडीसीत तीस वर्षे फॅब्रिकेशनचे काम केले आहे. मोबाइल खाली-वर फिरवून मी त्यांना सगळे दाखवले. त्यांनी आधी काही न बोलता पुन्हा एकदा स्क्रूपाशी न्यायला सांगितले आणि मग म्हणाले, "अरे, ह्यांनी वजन टांगलंय. खालून वर स्क्रू मारलाय आणि वजन खाली ओढतंय, म्हणजे सगळा भार आट्यांवर. वजन टांगायचं नसतं, बसवायचं असतं." विक्रेत्याचा उपाय मला का पटत नव्हता, त्याचे उत्तर या दोन वाक्यांत होते. स्क्रू कितीही जाड घातला तरी तो तुळईच्या पातळ पट्टीतल्या दोन-तीन आट्यांवरच लोंबकळणार होता.

मग त्यांनी मला अँगलचा हिशेब करायला लावला. उभ्या गाडीत भरलेल्या टाकीचे वजन ते दोन अँगल कसेबसे तोलत होते. पण गाडी उसळून खाली येते तेव्हा तेच वजन क्षणभर दुप्पट आणि त्याहूनही जास्त भासते, आणि तेवढ्यात हे लोखंड आपली मूळ रेषा सोडून कायमचे वाकते. एकदा वाकले की टाकी मधोमध खाली येते, पाणी तिथेच जमा होते आणि पुढचा हिसका त्याच जागी अधिक जोराने बसतो. अँगलऐवजी त्याच मापाची आणि त्याच जाडीची चौकोनी नळी घेतली, तर तेवढाच बाक यायला जवळपास पावणेतीन पट वजन लागते. वजनाला ती फार जड नसते, महागही नसते. "आणि दोन नको, तीन टाक," आण्णा म्हणाले.

शेजारी एक निवृत्त वेल्डर राहतात. त्यांनी वेल्डिंग करून देण्याची तयारी दाखवली आणि मला क्षणभर तेच योग्य वाटले. मात्र टाकी पॉलिइथिलिनची आहे, तिच्या वर फोम आणि लाकडी फरशी आहे, आणि जोड पक्का झाला तर पुढे टाकी उतरवायची वेळ आल्यावर तो कापावा लागेल, ही अडचण त्यांनीच बोलून दाखवली. शेवटी नट-बोल्टवर आमचे एकमत झाले. दुसरा प्रश्न भोकांचा होता. तुळईच्या खालच्या पट्टीला नवीन भोके पाडायची नाहीत, यावर आण्णा आणि शेजारी दोघेही ठाम होते. तुळई वाकू पाहते तेव्हा सर्वांत जास्त ताण तिच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर येतो आणि तिथल्या भोकाच्या कडेपासून चीर सुरू होण्याची भीती असते. कारखान्यातून पडलेली आठ भोके होतीच. त्यांच्या कडा मी कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि प्रायमर लावला.

त्यामुळे भोक न पाडता नळी तुळईला धरायची कशी, एवढेच उरले. आम्ही नळी दोन्ही बाजूंना तुळईच्या तीन-तीन इंच पुढे काढली. 20 फुटांची एक लांबी आणली होती, तिचे साडेसहा फुटांचे तीन तुकडे झाले आणि सहा इंच उरले. नळी तुळईच्या खालच्या पट्टीला खालून टेकते. पट्टीच्या वर जाड लोखंडी चकतीचे एक टोक बसते, चकतीचे दुसरे टोक पट्टीच्याच जाडीच्या एका तुकड्यावर टेकते, आणि या दोहोंच्या मधून बोल्ट नळीतून आरपार खाली येतो. प्रत्येक टोकाला असे दोन बोल्ट, एक तुळईच्या आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. तीन नळ्यांचे मिळून बारा बोल्ट झाले. बोल्ट तीन अष्टमांश इंची, पाचव्या ग्रेडचे, आणि नट नायलॉक, म्हणजे थरथरीने सैल होऊ नयेत म्हणून आत नायलॉनची कडी असलेले. बोल्ट आवळताना पाना टॉर्कचा वापरला आणि 25 फूट-पौंडांवर थांबलो, कारण त्यापुढे गेल्यास नळीच दबण्याची शक्यता होती. नळ्यांची भोके हातातल्या ड्रिलने पाडली असती तर वरचे आणि खालचे भोक एका रेषेत आले नसते. शेजाऱ्यांच्या गॅरेजमधल्या उभ्या ड्रिल मशीनवर ते काम तासाभरात झाले. नळ्यांना आतून-बाहेरून प्रायमर आणि काळा रंग दिला, टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या बसवल्या आणि प्रत्येक नळीच्या तळाला एक बारीक भोक ठेवले, म्हणजे आत शिरलेले पाणी साचून गंज धरणार नाही.

मापांच्या बाबतीत एक गोष्ट मनासारखी जुळून आली. तुळई 8 इंच आणि टाकी साडेसात, म्हणजे टाकीचा तळ आणि नळीचा माथा यांच्यामध्ये बरोबर अर्धा इंच जागा उरत होती. त्यात तीन अष्टमांश इंची बाहेरच्या वापराचा प्लायवुड आणि त्यावर एक अष्टमांश इंची रबर असा थर बसला. हा प्लायवुड केवळ जागा भरण्यासाठी नाही. टाकी खाली उतरवली तेव्हा तिच्या तळाला, जिथे जुन्या अँगलची कड टेकत होती तिथे, मला एक लांब चर दिसली. नख फिरवल्यावर ते त्यात अडकत होते. चार वर्षांत प्रत्येक हिसक्याला ती धारदार कड टाकीला थोडी थोडी कापत गेली होती. आणखी काही वर्षांनी टाकी तिथे फुटली असती आणि ती दुरुस्त करणेही कठीण गेले असते, कारण पॉलिइथिलिनला साधा डिंक किंवा सीलंट धरत नाही, ते प्लॅस्टिक वितळवूनच जोडावे लागते. आता टाकीचा संपूर्ण तळ सपाट फळीवर बसतो आणि कोणतीही कड तिला थेट लागत नाही. फळीला सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, रंगाचे दोन हात दिले.

टाकी उतरवण्याचे काम मला वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले, कारण रिकामी टाकी दोन माणसांना सहज पेलते. मी आणि पत्नीने ती एका फळीवर घेऊन जॅकने हळूहळू खाली आणली. मात्र टाकीला जोडलेल्या पाण्याच्या नळ्या सोडवताना आणखी एक दोष सापडला, आणि माझ्या मते झोळ येण्यात त्याचाही वाटा होता. टाकीला पाणी भरण्याची सव्वा इंची नळी असते आणि तिच्या सोबतीला हवा बाहेर जाण्यासाठी अर्धा इंची बारीक नळी असते. ही हवेची नळी टाकी खाली सरकल्यामुळे ताणली जाऊन फ्रेमच्या कडेवर दुमडली होती. हवेला वाट नसली की बागेच्या पाइपने भरताना पाणी उलट उसळून बाहेर येते, आणि गेल्या वर्षभरापासून आमच्याकडे तसेच होत होते. त्यावर उपाय म्हणून मी पाइप अधिक आत सारून, कडेने चिंधी दाबून भरत असे. म्हणजे नळाच्या दाबाने मी स्वतःच टाकी फुगवत होतो आणि आधीच कमकुवत झालेल्या अँगलांना खाली ढकलत होतो. पाणी उसळते तेव्हा टाकीला हवा मिळत नाही आहे हे लगेच ओळखावे आणि भरणे थांबवावे. नवीन नळी मी थोडी लांब घेतली आणि मध्ये कुठेही खाली झोका पडणार नाही अशी क्लॅम्पने बांधली. पंपाकडे जाणाऱ्या पेक्स (प्लॅस्टिकच्या) पाइपचा कोपराही बदलला. तो गळत नव्हता, पण ताणामुळे त्याचा रंग एका बाजूला पांढरा पडला होता.

सर्व जोडणी झाल्यावर आच्छादन लगेच लावले नाही. एका तुळईच्या खालून दुसरीच्या खालपर्यंत, मधल्या नळीच्या कडेने सुतारी दोरी ताणून बांधली, नळीच्या मध्यावर खूण केली आणि टाकी पूर्ण भरली. हवेची नळी मोकळी असल्यामुळे पाणी या वेळी एकदाही उसळले नाही. दोरी आणि नळी यांच्यातला फरक मोजला तर तो दोन मिलिमीटर भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजला, तेव्हाही दोनच होता, आणि जोडांखाली पसरलेले कोरडे कागद कोरडेच होते. आण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला आणि "मग झालं," एवढेच म्हणाले. त्यानंतर मी आच्छादन मोठ्या वॉशरांसह बसवले आणि तिन्ही नळ्यांच्या टोकांशी ते कापून छोटी झाकणे केली, म्हणजे पुढे बोल्ट पाहण्यासाठी सगळे उतरवावे लागणार नाही. एकूण सामानाला 180 डॉलरच्या आत खर्च आला. काम दोन शनिवार-रविवारांत पूर्ण झाले. थंडी जवळ आल्यामुळे टाकी आणि नळ्या रिकाम्या करून ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद केला.

एप्रिलमध्ये टाकी निर्जंतुक केली. दर 15 गॅलनला पाव कप साधे, वास नसलेले ब्लीच हे प्रमाण धरून टाकी भरली, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडले, चार तास तसेच राहू दिले आणि मग वास जाईपर्यंत दोनदा धुतली. बोल्टाच्या टोकांवर आणि नटांवर पिवळ्या रंगाची एकेक सरळ रेषा ओढली. नट फिरला तर रेषा मोडलेली दिसते.

मग आम्ही पुन्हा चाकोला गेलो. दुसरीकडेही जाता आले असते, पण मला तोच रस्ता हवा होता. ब्लूमफील्डला टाकी काठोकाठ भरली, आणि डांबरी रस्ता संपतो तिथे थांबून, व त्यानंतर दर चार मैलांवर उतरून, मी आच्छादनाची रेषा पाहत गेलो. ती सपाट राहिली. गॅलोला पोहोचल्यावर अंधार पडत आला होता. विजेरी घेऊन खाली शिरलो आणि एकेक झाकण उघडून पाहिले. बाराही नटांवरच्या पिवळ्या रेषा अखंड होत्या. तरी पाना लावून पाहिला, तेव्हा अकरा हलले नाहीत आणि मागच्या नळीचा डावीकडचा बाहेरचा नट पाव आटा फिरला, कारण तिथली चकती रंगाच्या थरात थोडी खोल बसली होती. तो 25 वर आवळला, जुनी रेषा पुसून नवी ओढली, आणि रंग वाळेपर्यंत तिथेच पडून राहिलो. वर पंप सुरू झाल्याचा आवाज आला. पत्नीने चहाचे पाणी ठेवले होते.